पुंडलिकनगर आणि पहिला चिरूट

वेरूळ-अजिंठ्यास जाणारा प्रवासी छत्रपती संभाजीनगरास उतरतो, बिबीचा मकबरा पाहतो, पाणचक्कीच्या हौदाकांठीं घटकाभर बसतो, दौलताबादचा किल्ला चढून दमतो आणि परत फिरतो. पुंडलिकनगर पाहावयास म्हणून कोणी येत नाहीं. शहराचे गारखेडा आणि सिडको हे भाग जेथें एकमेकांस भिडतात तेथें ही वसाहत आहे. कारखान्यांतील व कचेऱ्यांतील नोकरदार, शिक्षक, लहान व्यापारी, गांवाकडची जमीन राखून मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत बिऱ्हाड केलेले शेतकरी, अशा मध्यम स्थितींतील कुटुंबांची ही वस्ती. घराला घर लागलेलें. रस्त्यावर किराणा, औषधें, इस्त्री, शिकवणीचे वर्ग आणि थोड्या थोड्या अंतरावर पानाची टपरी. रस्त्याच्या टोंकाकडे श्रीगजानन महाराजांचें मंदिर आहे, आणि गुरुवारीं सायंकाळीं वस्तीचा ओघ तिकडे लागतो. आम्हीं तेथें एका स्नेह्यांच्या घरीं आठ दिवस काढले. लेणीं पाहण्याचा बेत होता तो राहून गेला. परंतु त्या आठ दिवसांत एका लहानशा प्रश्नाच्या निमित्तानें जो विचार झाला, तो वाचकांपुढें ठेवण्याजोगा वाटतो.

प्रश्न असा. घरचा थोरला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, वाळूजच्या एका कारखान्यांत अभियंता. कारखान्याचे परदेशांतील कांहीं अधिकारी यावयाचे होते. त्यांच्या सन्मानार्थ रात्रीचें जेवण व्हावयाचें, आणि जेवणानंतर चिरुटांची पेटी फिरावयाची, असें त्याच्या कानांवर आलें होतें. मुलानें आजवर विडीसुद्धां ओठांस लावलेली नव्हती. सकाळीं चहा घेतांना तो आम्हांस म्हणाला, "काका, तुम्ही एवढें वाचतां. पेटींत दहा तऱ्हेचे चिरूट असले तर नवख्यानें त्यांतला कोणता उचलावा? चारचौघांत बावळट दिसूं नये, एवढीच इच्छा." स्वयंपाकघरांतून वहिनी बाहेर आल्या. आतां वीज कडाडणार, अशी आमची अटकळ होती. परंतु त्या दारांतच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगा, भावजी. मलाही ऐकायचं आहे."

आम्हांस स्वतःस तंबाखूचें व्यसन नाहीं. तथापि प्रश्न सरळपणें विचारला गेला होता, तेव्हां उत्तरहि सरळ दिलें पाहिजे, असें मनांत आणून त्या सायंकाळीं प्रथम वस्तींतल्या टपऱ्या पाहून आलों. विडी होती, सिगारेट होती, चुना मळून खावयाची तंबाखू होती, मावा होता. चिरूट एकाहि ठिकाणीं नव्हता. "ते मोठ्या हॉटेलांत मिळतं, साहेब," असें एका पानवाल्यानें सांगितलें. पाकिटांवर रोगानें ग्रासलेल्या तोंडाचीं भयंकर चित्रें होतीं. कायद्यानें २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग या इशाऱ्यास द्यावा लागतो. २००३ च्या कायद्यान्वयें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूची कोणतीहि वस्तु विकतां येत नाहीं. शाळा-कॉलेजापासून शंभर यार्डांच्या आंतहि विकतां येत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यासहि मनाई केली. एकच काडी हातांत पडली म्हणजे इशारा पाकिटाबरोबर दुकानांतच राहतो, हें लक्षांत घेतलें तर या मनाईचें मर्म कळतें. टपरीवर जाणाऱ्या नवख्यास निवड अशी नसतेच. मित्र जी पुढें करील ती त्याची पहिली. चिरूट महाग आणि दुर्मिळ, म्हणूनच त्याच्यापुढें उभा राहिलेला नवखा निदान विचारतो तरी.

दुसऱ्या दिवशीं आमचें व्याख्यान झालें, तें थोडक्यांत असें.

'चिरूट' हा शब्द दक्षिणेकडचा. तामिळ भाषेंत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. इंग्रजांनीं त्याचा 'चेरूट' केला आणि आपण 'चिरूट' म्हणूं लागलों. त्रिचनापल्लीच्या वोरैयूर भागांत हातानें वळलेल्या चिरुटांचा धंदा जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत त्या मालाची कीर्ति इंग्लंडांत इतकी पोंचली होती कीं, १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरींत तो गुप्त पोलीस केवळ राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवर तंजावर. व्यंकोजीराजांच्या वंशाचें राज्य तेथें १८५५ पर्यंत चाललें, आणि मराठी बोलणारीं कुटुंबें तेथें आजहि आहेत. चिरूट हा मराठी माणसाचा अगदींच परका पाहुणा नव्हे.

विडींत तंबाखूभोंवतीं तेंदूचें पान असतें, सिगारेटींत कागद असतो. चिरूट आंतबाहेर सगळा तंबाखूच्याच पानांचा. त्याचे भाग तीन: आंतील भरण, तें आवळून धरणारें बांधणीचें पान, आणि सर्वांवर गुळगुळीत वेष्टणाचें पान. नवखा पाहतो तें फक्त वेष्टण, आणि रंग जितका काळा तितका चिरूट कडक असें समजतो. हा समज खरा नव्हे. कडकपणा मुख्यतः आंतील भरणावर अवलंबून असतो. काळसर वेष्टणाचा चिरूट कित्येकदां गोडसर लागतो आणि पिंगट दिसणारा डोकें गरगरवितो. म्हणून रंगावर न जातां सौम्य कोणता, असें सरळ विचारावें. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत कापडाच्या मांडवाखालीं सावलींत वाढविलेल्या पानाचें फिकें वेष्टण असलेले चिरूट सामान्यतः सौम्य निघतात, एवढें ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

आकाराची गोष्ट अशी कीं, चिरुटाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. 'रोबुस्टो' नांवाचा आकार पांच इंच लांब आणि पन्नास भाग जाड. तो सावकाश ओढला तर तासभर पुरतो. 'पेटिट कोरोना' त्याहून बारीक. तो बहुधा अर्ध्या-पाऊण तासांत संपतो. पाहुण्यांची मैफल लांबेल म्हणून लांब चिरूट उचलणें ही नवख्याची नेहमींची चूक. उचललेला चिरूट दोन बोटांत हळूच दाबून पाहावा. सगळीकडे सारखा लवचीक लागला तर ठीक. करकरला तर तो वाळला आहे असें समजावें, आणि वाळलेला चिरूट भरभर जळून तोंड कडू करतो. चांगले दुकानदार हा माल ६५ ते ७० टक्के दमटपणा राखणाऱ्या पेटींत ठेवतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत उघड्या फळीवर पडून राहिलेला चिरूट किती बिघडत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

टोंक कापावयाचें तें केवळ टोपीपुरतें. अधिक कापलें तर वेष्टण उलगडतें. पेटवितांना ज्योत चिरुटास चिकटवूं नये, खालीं धरून चिरूट फिरवावा. धूर तोंडांतच घ्यावयाचा आणि सोडून द्यावयाचा. छातींत ओढावयाचा नाहीं. मिनिटाला एक झुरका पुष्कळ झाला. उपाशी पोटीं तर तो मुळींच हातांत घेऊं नये. घाम, मळमळ आणि घेरी हें नवख्याला मिळणारें निकोटिनाचें पहिलें बक्षीस होय. शेवटचा तिसरा हिस्सा सर्वांत उग्र असतो. चिरूट चुरडून विझवावा लागत नाहीं. बाजूला ठेवला कीं आपोआप विझतो, आणि अर्धा टाकला म्हणून कोणी रागावत नाहीं.

येथपर्यंत झाली ती चिरुटाची विद्या. वहिनींनीं सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हें झालं कसा घ्यावा तें. पण घ्यायचाच कशाला?"

मुलगा म्हणाला, "आग्रह झाला तर?"

आमच्या मतें सर्व विषयाचें मूळ या तीन शब्दांत आहे. कोणता चिरूट, हा प्रश्न फार पुढचा. आग्रह झाला तर काय, हा पहिला. ज्या वस्तूची भूक नाहीं, चव ठाऊक नाहीं, ती माणूस प्रथम तोंडाला लावतो तो बहुशः दुसऱ्याच्या भिडेखातर. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात. तंबाखूच्या बाबतींत तिचें घराणें पुष्कळ जुनें आहे, आणि तें आपल्या दख्खनच्याच मातींतलें आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांच्या द्वारें ती हिंदुस्थानांत आली. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापूरच्या दरबारीं गेला असतां त्यास ही नवलाची वस्तु आढळली. त्यानें रत्नजडित हुक्का तयार करविला, त्याला यमनी अकीकाचें मुखनळ बसविलें, आणि सर्व सरंजाम चांदीच्या तबकांत मांडून बादशहापुढें ठेवला. पुढील हकीगत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. बादशहानें हुक्का भरावयास सांगितला. तोंच हकीम आडवा आला. बादशहा म्हणाला कीं, आणणाऱ्याचें मन राखण्यापुरतें तरी थोडें ओढलें पाहिजे. आणि दोन-तीन झुरके घेऊन त्यानें नळी दूर केली. मग वाद जुंपला. आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाहीं, न पारखलेलें औषध बादशहानें घेऊं नये, हें हकीमाचें म्हणणें. जगांतली प्रत्येक चाल केव्हांतरी नवीनच होती, हें असद बेगाचें उत्तर. वाद संपल्यावर असद बेगानें जवळची तंबाखू आणि नळ्या सरदारांना वाटल्या. ज्यांना मिळाल्या नाहींत त्यांनीं मागून नेल्या. पाठोपाठ व्यापारी विकूं लागले, आणि चाल सर्वत्र पसरली. बादशहानें मात्र ती उचलली नाहीं. ज्यानें भिडेखातर दोन झुरके घेतले तो सुटला. ज्यांनीं त्याचें पाहून घेतले ते अडकले.

या प्रसंगानंतर पांच-सहा वर्षांनीं, १६१० सालीं, मलिक अंबरानें खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणें छत्रपती संभाजीनगर. म्हणजे हें शहर आणि तंबाखूची चाल हीं दोन्ही जवळजवळ एकाच वयाचीं. जहांगीर बादशहानें १६१७ सालीं तंबाखू ओढण्यास मनाई केली; ती मनाई किती टिकली हें दख्खनच्या बिदरी कामावरूनच दिसतें. जस्त-तांब्याचें मिश्रण काळें करून त्यावर चांदी जडविण्याची ही कला मूळ बिदरची, आणि संभाजीनगरांतहि तिचे कारागीर आहेत. जगांतील संग्रहालयांत या कलेचे जे जुने उत्तम नमुने ठेवलेले आहेत, त्यांत हुक्क्याचीं पाण्याचीं भांडीं पुष्कळ आहेत. भीड एकदां चाल झाली कीं तिच्यासाठीं चांदी लागते, कारागीर लागतात. मग तिला नको म्हणणारा माणूस अरसिक ठरतो.

आजची चांदी म्हणजे छायाचित्र. चर्चिलच्या तोंडांतील चिरूट सर्व जगानें पाहिला. याच शहरांत १९८८ सालीं ज्यांनीं 'संभाजीनगर' हें नांव जाहीर सभेंत उच्चारलें त्या बाळासाहेब ठाकऱ्यांच्या हातांतला चिरूट महाराष्ट्रानें पाहिला. चित्रांत अधिकार दिसतो, ऐट दिसते. धुराचा वास आणि रात्रीचा खोकला चित्रांत येत नाहीं. 'बावळट दिसूं नये' असें म्हणणाऱ्या मुलाला चिरुटापेक्षां हें चित्रच अधिक हवें असतें. अधिकार चिरुटानें आलेला नसून अधिकार होता म्हणून चिरूट शोभला, हें त्याला कोणीतरी सांगावें लागतें.

पुंडलिकनगरांत या विषयाला आणखी एक फांटा फुटतो. महाराजांच्या घरोघरच्या तसबिरींत चिलीम दिसते, आणि धूम्रपानाची गोष्ट निघाली कीं एखादा हटकून तिच्याकडे बोट दाखवितो. संतकवि दासगणूंनीं १९३९ सालीं 'श्रीगजानन विजय' हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ रचला. त्याच्या तिसऱ्या अध्यायांत काशीहून आलेला एक गोसावी नवस फेडण्यासाठीं गांजा घेऊन शेगांवीं येतो. महाराज त्याचा स्वीकार करतात तो भक्ताची इच्छा पुरविण्यासाठीं. पाण्यांतील कमलपत्राप्रमाणें ते त्यापासून अलिप्त राहिले, असें ग्रंथकारानें तेथेंच स्पष्ट सांगून ठेविलें आहे. बोट दाखविणारा हा दुसरा भाग वाचीत नाहीं. महाराजांची चिलीम पुढें करून ज्याला आपली सिगारेट पेटवावयाची असेल, त्यानें त्यांचें अलिप्तपणहि दाखवावें. बादशहा आणि अवलिया यांच्यामध्यें साम्य तें काय असावयाचें? परंतु येथें एक आहे. देणाऱ्याचें मन राखावयाचें म्हणून दोघांनीं घेतलें, आणि दोघेहि त्याचे बांधले गेले नाहींत. आपण सामान्य माणसें. आपलें मन राखणें हेंच आपल्याला जड जातें. तेथें दुसऱ्याचें मन राखून वर अलिप्त राहण्याची पैज कशाला मारावी?

अकबराच्या हकीमाची अडचण ही कीं, ग्रंथांत कांहीं लिहिलेलें नव्हतें. आज ती अडचण उरलेली नाहीं. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारीं मोठीं संशोधनें इंग्लंड व अमेरिका या देशांत १९५० सालीं प्रसिद्ध झालीं. १९६४ सालीं अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय प्रमुखानें तो निष्कर्ष अधिकृतपणें जाहीर केला. चिरुटाचे कैवारी म्हणतात, आम्ही धूर छातींत घेत नाहीं. खरें आहे, पण चिरुटाचा धूर क्षारधर्मी असल्यामुळें त्यांतील निकोटिन तोंडाच्या आंतील त्वचेंतूनच रक्तांत उतरतें. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांचे कर्करोग चिरुटानेंहि होतात, आणि एका मोठ्या चिरुटांत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. पुंडलिकनगराहून शहराच्या जुन्या भागाकडे गेलें म्हणजे आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून रुग्ण तेथें येतात. वेरूळ पाहण्यास आलेल्या प्रवाशानें वाट वांकडी करून तें पाहावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पहिला चिरूट निवडणाऱ्यानें आधीं तेथील बाह्यरुग्ण विभागाच्या बांकावर अर्धा तास बसावें, असें मात्र म्हणूं.

शेवटीं आम्हीं मुलास सांगितलें तें एवढेंच. पेटी पुढें आली कीं तिच्यांत दहा नव्हे, अकरा तऱ्हा असतात. अकरावी म्हणजे झांकण लावून ती पुढच्यास देणें. ही निवड करण्याला वेष्टणाची परीक्षा लागत नाहीं. 'आभारी आहें, मी ओढीत नाहीं' हें वाक्य न अडखळतां म्हणतां आलें पाहिजे, आणि तें आधीं घरीं चार वेळां म्हणून पाहिलें पाहिजे. वहिनी तेथेंच उभ्या होत्या. त्यांनीं तें त्याच्याकडून दोन भाषांत म्हणवून घेतलें. जेवणाच्या रात्रीं पेटी फिरली, त्यानें ती वाक्यासकट पुढें दिली, आणि बोलणें पूर्ववत् यंत्रांकडे वळलें. ज्या अपमानाची धास्ती होती तो झालाच नाहीं. दुसऱ्यानें काय ओढलें नाहीं, याची आठवण ठेवण्याइतकी सवड कोणाला असते?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करतांना आढळले. धूम्रपान करणारे मात्र अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडील तंबाखू धुरांत फारशी दिसत नाहीं; ती गालांत, हिरड्यांवर, मिश्रीच्या डबींत असते. आपल्या घराण्यांत आजोबांची तपकिरीची डबी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत सोज्वळपणें बसलेली असे, आणि त्याच घरांत विडीचें नांव काढणाऱ्या मुलास मार बसे. डबीविषयीं कोणी बोलत नसे, विडीविषयीं कोणी विचारीत नसे. जो प्रश्न घरांत विचारतां येत नाहीं, त्याचें उत्तर टपरीवर मिळतें; आणि तेथें उत्तर देणारा स्वतःच कालपरवां शिकलेला असतो.

गुरुवारीं आरती आटोपली कीं पुंडलिकनगरचा रस्ता पुन्हां भरतो. वडिलांचें बोट धरून, हातांत प्रसादाची पुडी घेऊन मुलें परततात, तीं त्याच टपऱ्यांवरून. टांगलेल्या पाकिटांवरचें चित्र त्यांना दिसतें, आणि एखादें थांबून विचारतें, "बाबा, याच्या तोंडाला काय झालं?" बहुतेक वडील हात ओढून पुढें चालूं लागतात. त्यांनीं तेथेंच थांबून, कंटाळा न करतां, त्या मुलास सर्व कांहीं सांगावें. चिरुटांची पेटी त्याच्यापुढें येण्यास अजून वीस वर्षें आहेत.